संरक्षित फायलींचे संपादन : अधिकार किती आणि किती वेळ?

(संगणक-व्यवस्थेची जबाबदारी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जमिनीच्या दप्तरात बदल करावयाचा झाल्यास कोणी सरळ सातबाऱ्यावर खाडाखोड करीत नाही. प्रथम फेरफाराची नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती नोंद तपासून प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. लिहिण्याचे काम आणि लिहिलेले अमलात आणण्याचा अधिकार या दोन गोष्टी तेथे हेतुपुरस्सर वेगळ्या ठेवलेल्या आहेत. संगणकातील संरक्षित फायलींमध्ये बदल करतानाही नेमका हाच विवेक लागतो. तो कसा पाळावा आणि त्यासाठी आपल्या टेक्स्ट एडिटरची जुळवणी कशी करावी, हा आजचा विषय आहे.

संरक्षण कशासाठी?

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स या प्रणालीची उभारणी सुरू केली. आजची लिनक्स प्रणाली तिच्याच वळणावर चालते. या पद्धतीत प्रत्येक फाईलला मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाला वाचणे, लिहिणे व चालवणे अशा तीन परवानग्या, म्हणजे एकूण नऊ परवानग्या, देता किंवा नाकारता येतात. ‘रूट’ हा मूळ वापरकर्ता मात्र वाचण्या-लिहिण्याच्या या बंधनांच्या पलीकडचा असतो. प्रणालीच्या लेखी त्याचा क्रमांक शून्य होय.

यंत्राची मुख्य व्यवस्था ‘इटीसी’ नावाच्या निर्देशिकेतील फायलींमध्ये नोंदलेली असते. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडावी, दूरवरून कोणाला प्रवेश द्यावा, कोणाला कोणते अधिकार असावेत, हे सारे तेथे साध्या अक्षरांत लिहिलेले असते. साधी अक्षरे असल्यामुळे ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडतात. पण सामान्य वापरकर्त्याला त्यांत लिहिता येत नाही. डिस्क जोडण्याच्या फाईलमधील एक चुकीची ओळ यंत्र सुरू होण्याच्या मार्गातच अडथळा आणू शकते. दूरप्रवेशाच्या फाईलमध्ये चूक राहिली, तर ती सेवा पुन्हा सुरू होत नाही आणि शेकडो किलोमीटरवर बसलेल्या कर्मचाऱ्यासमोर दार बंद होते. त्या यंत्रावर ज्यांचे दाखले, पगार किंवा औषधांच्या नोंदी अवलंबून असतात, त्यांचे काम त्या दिवशी थांबते.

सोपा वाटणारा मार्ग

कर्मचारी फाईल उघडतो, दहा मिनिटे खपून दुरुस्ती करतो आणि जतन करावयास जातो, तो पडद्यावर सूचना येते, की फाईल केवळ वाचनासाठी आहे. अशा वेळी दोन मोह होतात. पहिला, फाईलची परवानगी सर्वांसाठी खुली करण्याचा. तो तर घराचे कुलूप काढून फेकण्यासारखाच होय. दुसरा मोह अधिक प्रतिष्ठित दिसतो. तो म्हणजे सबंध एडिटरच रूटच्या अधिकाराने चालवणे.

यातील धोका समजून घेतला पाहिजे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या व्ही-आय या एडिटरपासून आजच्या विमपर्यंत अनेक एडिटरांतून बाहेरच्या आज्ञाही देता येतात. म्हणजे एखाद्याला ‘फक्त ही एक फाईल’ सुधारण्यासाठी रूटच्या अधिकाराने व्ही-आय चालवू दिले, तर त्याला त्यातूनच नवी आज्ञावली उघडून सबंध यंत्राचा ताबा घेता येतो. शिवाय एडिटरला जोडलेले पूरक प्रोग्राम त्याच सर्वाधिकाराने चालू लागतात. ते कोणी लिहिले, हे वापरणाऱ्याला पुष्कळदा ठाऊकही नसते.

नक्कल सुधारावी, मूळ जपावे

बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात ‘सुडो’ ही आज्ञा तयार केली. रूटचा परवलीचा शब्द सर्वांना न वाटता, ठराविक व्यक्तीला ठराविक काम करू द्यावे आणि कोणी काय केले याची नोंद ठेवावी, हे तिचे सूत्र आहे. तिचेच एक रूप म्हणजे ‘सुडोएडिट’.

सुडोएडिट मूळ फाईलची तात्पुरती नक्कल काढून ती वापरकर्त्याच्या मालकीची करते. त्या नकलेवर एडिटर चालतो तो सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने आणि त्याच्या स्वतःच्या मांडणीसह. एडिटर बंद झाल्यावर नक्कल बदललेली असेल तरच ती मूळ जागी लिहिली जाते. लिहिता आली नाही, तर सुधारलेली नक्कल शिल्लक राहते. केलेले श्रम वाया जात नाहीत. अधिकार वापरला जातो तो नक्कल काढताना आणि ती परत ठेवताना. मधल्या काळात एडिटरच्या हाती तो नसतो.

एडिटरची जुळवणी

कोणता एडिटर उघडावा हे सुडोएडिट ‘सुडो-एडिटर’, ‘व्हिज्युअल’ आणि ‘एडिटर’ या तीन परिवेश-चलांतून, याच क्रमाने, ठरवते. म्हणून आपल्या आरंभ-फाईलमध्ये पहिल्या चलाला आवडत्या एडिटरचे नाव देऊन ठेवले की जुळवणीचा मुख्य भाग पूर्ण होतो. व्हीएस कोडसारखा खिडकीतील एडिटर वापरावयाचा असेल, तर त्याच्या नावापुढे ‘वेट’ हा पर्याय जोडणे अगत्याचे आहे. नाही तर एडिटर सुरू होताच आज्ञा परतते, फाईल बदललेली नाही असे सुडोएडिट समजते आणि दुरुस्ती मूळ जागी पोचत नाही.

ईमॅक्स वापरणाऱ्यांसाठी ट्रॅम्प ही सोय आहे. फाईलच्या मार्गाआधी सुडोची खूण लिहिली की ईमॅक्स स्वतः सामान्य वापरकर्ता म्हणूनच चालतो आणि वाचन-लेखन तेवढे सुडोमार्फत होते. विममध्ये, फाईल आधीच उघडून बसलेल्यांसाठी, मजकूर ‘टी’ या आज्ञेकडे सुडोमार्फत सोपवण्याची युक्ती प्रसिद्ध आहे व तिला एखादे आखूड नावही देता येते. ती अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. परंतु तीत कोणतीही तपासणी नसल्यामुळे तिला नित्याची सवय करू नये.

आणखी एक बाब सहज नजरेआड होते. अनेक एडिटर जुन्या मजकुराची प्रत आपणहून ठेवतात. गोपनीय फाईलची अशी प्रत भलत्या जागी पडून राहिली, तर मूळ फाईलला लावलेले कुलूप व्यर्थ ठरते. अशा फायलींसाठी ती सोय बंद ठेवावी.

अमलात आणण्यापूर्वी तपासणी

कोणाला कोणते अधिकार, हे सांगणारी सुडोची स्वतःची फाईल ‘व्हिसुडो’ या आज्ञेनेच सुधारावी. एकाच वेळी दोघांनी ती बदलू नये म्हणून व्हिसुडो तिला कुलूप लावते, व्याकरण तपासते आणि चूक आढळल्यास पुन्हा दुरुस्ती करावयाची की बदल सोडून द्यावयाचा, हे विचारते. दूरप्रवेश-सेवेलाही स्वतःची फाईल तपासून दाखवण्याची आज्ञा देता येते. ती तपासणी झाल्याशिवाय सेवा पुन्हा सुरू करू नये, आणि नवी जोडणी यशस्वी झाल्याचे पाहिल्याशिवाय जुनी जोडणी बंद करू नये.

ही साधने निर्दोष आहेत असे मात्र मानता येणार नाही. एडिटरचे नाव सांगणाऱ्या त्याच चलांतून परवानगी नसलेल्या फायलीही उघडता येतात, असा दोष सुडोएडिटमध्ये आढळला व जानेवारी २०२३ मध्ये तो दुरुस्त करण्यात आला. म्हणून प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी बसवणे हाही कर्तव्याचाच भाग होय.

संरक्षित फाईल लिहू देत नाही, तेव्हा ती कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणीत आहे असे वाटते. वस्तुतः ती त्याला क्षणभर थांबून विचार करण्याची संधी देत असते. त्या क्षणी नक्कल काढावी, शांतपणे सुधारावी, तपासावी आणि मगच मूळ जागी ठेवावी. एवढी शिस्त पाळली, तर चूक झाली तरी ती नकलेवरच सापडेल आणि यंत्रावर विसंबलेल्या माणसाला हेलपाटा पडणार नाही.