पारखून पाहण्याची विद्या



ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखा, हा तथागतांचा कालामांना उपदेश. संगणक-सुरक्षेत आम्ही हेच करतो. तयार प्रोग्राम उलगडून यंत्राला दिलेल्या आज्ञा एकेक वाचतो.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे संगणक कुलूपबंद केले. तो पसरण्यापूर्वी एका इंटरनेट पत्त्यावर विचारणा करी. उत्तर आले की थांबे. तो पत्ता कोणी नोंदवलाच नव्हता. एका तरुण संशोधकाने तो नोंदवला आणि फैलाव रोखला गेला.

विद्यार्थ्यांनी सी व असेंब्ली भाषा शिकाव्यात. उलगडणीचे ‘घिड्रा’ हे साधन २०१९ पासून मोफत मिळते. मात्र परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकातून माहिती घेणे हे अदिन्नादानच. शीलाविना ही विद्या घातक आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!