उपकार कसे फेडावे?
(बेंबळी येथें केलेलें भाषण)



सुतारानें नांगर घडवावा, लोहारानें फाळ शेवटावा आणि खळ्यावर रास झाली कीं कुणब्यानें त्यांचें बलुतें मापून घालावें, ही आपली जुनी रीत. तींत तोंडानें आभार मानण्याची चाल नव्हती. उपकार मापानें फेडीत.

आपले ख्रिस्ती बांधव देवाची उपकारस्तुति करितात. मिशनच्या शाळांतून मुलांना जेवणापूर्वीं हात जोडावयास शिकवितात. वळण चांगलें आहे. पण विद्येचा उपकार नुसत्या स्तुतीनें फिटतो काय?

जोतीराव फुल्यांचें उदाहरण घ्या. माळ्याच्या या पोराची शाळा मध्येंच सुटली होती. गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हां १८४१ सालीं ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. पुढें अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, त्यांनीं अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. ही बाई १८२७ सालीं अमेरिकेहून आली व १८६२ सालीं नगरासच वारली. परमुलखांतल्या बाईनें आमच्या लेकींना अक्षर द्यावें, आणि आम्हीं हातावर हात ठेवून बसावें काय?

जोतीराव बसले नाहींत. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत, कोणाचे मिंधेहि झाले नाहींत. पण उपकार विसरले नाहींत. त्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीनें मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ सालीं तो छापला कोणीं? त्याच अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रानें! आणि १८७३ सालीं जोतीरावांनीं आपली 'गुलामगिरी' अमेरिकेंतील गुलाम मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केली. आपल्या लोकांनींहि तो कित्ता गिरवावा, ही त्यांत इच्छा होती.

म्हणून मिशनच्या शाळेंत शिकलेल्या विद्यार्थ्यांस, ते ख्रिस्ती असोत वा नसोत, आमचें इतकेंच सांगणें आहे. गुरूचे उपकार गुरूला परत देतां येत नाहींत. ते पुढच्या पोराला द्यावयाचे असतात. आपल्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला घरेंच्या घरें जातात आणि पोरांची शाळा बुडते. अशा एका पोराला सुटींत घरीं बसवून वाचावयास शिकवा. एकानें एकाला शिकविलें, तरी विद्येचें बलुतें पोंचलें असें आम्ही समजूं.