हिरव्या दगडाची ओळख



सोनारीच्या काळभैरवनाथाला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. परांडा तालुक्यातील त्या भूमीखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थर होत. हेच थर सह्याद्रीपर्यंत पसरले आहेत. या पाषाणात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या, आणि त्यांच्या कडांना ठिकठिकाणी मऊ, हिरवा लेप आढळतो. हिरवे दिसले की माणसाला तांबे आठवते. परंतु हा लेप पुष्कळदा सेलॅडोनाइटचा, म्हणजे अभ्रकाच्याच कुळातील एका खनिजाचा असतो. त्याचा रंग लोहामुळे येतो.

अभ्रक म्हटले म्हणजे चकाकणारे पापुद्रे डोळ्यांपुढे येतात. हा लेप तर मातकट! शिवाय तशाच हिरव्या रंगाची चिकणमातीही या पोकळ्यांत असते. मग दोहोंतला भेद ओळखावा कसा? त्यासाठी अवरक्त प्रकाशाची साक्ष काढावी लागते, आणि तीच हकीकत आम्ही आज सांगणार आहोत.

1800 साली विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे उष्णतामापक ठेवला. डोळ्यांना तेथे काहीच दिसत नव्हते, तरी पारा चढला. तोच अवरक्त प्रकाश. तो खनिजावर पाडून परतलेला प्रकाश तपासला, तर ठरावीक जागी तो उणा भरतो. खनिजातील ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या सतत कंप पावतात व आपल्या कंपनाशी जुळणारा तेवढाच प्रकाश गिळतात. शेजारी ॲल्युमिनियम असेल, तर ही उणीव 2.2 मायक्रॉनजवळ पडते. पांढऱ्या अभ्रकाचे तसेच आहे. लोह व मॅग्नेशियम असतील, तर ती 2.3 च्या आसपास सरकते. सेलॅडोनाइटची खूण तेथे सापडते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

चिकणमातीच्या थरांत पाणी अडकलेले असते; त्याची ठळक खूण 1.9 मायक्रॉनपाशी उमटते. अभ्रकाच्या थरांत पाण्याच्या जागी पोटॅशियम बसलेले असल्याने शुद्ध नमुन्यात ती जवळजवळ नसते. मात्र त्याच पोकळीत झिओलाइटचे स्फटिक असले, तर त्यांतील पाणीही तेथेच बोलते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

एवढ्या बारकाव्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. अजिंठ्याची लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत, आणि तेथील चित्रांत अशाच जातीची हिरवी माती रंग म्हणून वापरलेली आहे. रसायनाने परीक्षा करावयाची म्हणजे रंगाचा कण खरवडणे आले. आणि खरवडलेला कण भिंतीवर परत बसत नाही. प्रकाश न शिवता परीक्षा करतो. 2008 साली निघालेल्या चांद्रयान-1 वरील एका उपकरणाने 3 मायक्रॉनच्या आसपास अशीच खूण चंद्रभूमीवर टिपली व 2009 साली ती जाहीर झाली.

तेव्हा विहीर खणताना निघालेल्या दगडात हिरवा लेप दिसला, तर तांब्याच्या आशेने पैसा घालण्यापूर्वी जाणकाराकडून त्याची परीक्षा करून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.