पुढाऱ्याचा मेंदू तपासायचा की पंचायतीचं दप्तर?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सकाळच्या गटचर्चेत एक सूचना आली : निवडून येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याचा मेंदू यंत्राने तपासा, खोटारडे आपोआप गळतील. टाळ्याही पडल्या. त्यामागचा संताप माझाही आहे. पण असं यंत्र आपल्या राज्यात वापरून झालं आहे. कोणावर, ते आधी पाहू.

२००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. पुराव्यात 'बीईओएस' नावाची मेंदूतपासणी होती. डोक्यावर तारांची टोपी चढवायची, 'मी विष विकत घेतलं' अशी वाक्यं ऐकवायची आणि मेंदूतल्या विद्युतलहरींवरून ठरवायचं, की हा तिचा अनुभव आहे की ऐकीव माहिती. तिने तपासणीला संमती दिली होती. पण आरोपी बाईची संमती किती मोकळी असते, हे आपण जाणतो. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूतपासणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही.

मग या तंत्राचा फायदा काहीच नाही? आहे. मेंदूतली गाठ, पक्षाघात, स्मृतिभ्रंश ओळखायला त्याची मदत होते. मोठ्या पदावरच्या माणसाने असा आजार लपवू नये, अशी मागणी आपण जरूर करावी. पण स्कॅनमध्ये गाठ दिसते, लाच दिसत नाही. उद्या घेणार असलेल्या पैशाची आठवण आज मेंदूत कुठून असणार? आणि स्वतःच्या थापेवर ज्याचा स्वतःचाच विश्वास बसलाय, त्याला यंत्र कसं पकडणार?

यंत्र कोणाच्या हातात असेल, हाही प्रश्न आहेच. १९९३ पासून आपण आरक्षणामुळे पंचायतीत आलो. सरपंच बाई ऐकत नाही म्हटल्यावर अविश्वास ठराव येतो. उद्या टोपी आधी तिच्याच डोक्यावर चढेल! बाईचं खरंखोटं तिच्या शरीरातून काढायची खोड जुनी आहे. बलात्कारित स्त्रीची 'दोन बोटांची' तपासणी गैर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सांगावं लागलं आणि २०२२ मध्ये पुन्हा.

राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या. गावासमोर हजेरीपट वाचले. कामावर न गेलेल्यांची नावं, न झालेल्या कामांची बिलं उघडी पडली. कोणाच्या डोक्यात डोकवावं लागलं नाही. अशाच लढ्यांतून २००५ चा माहिती अधिकार कायदा आला.

पुढाऱ्याच्या मनात काय आहे, ते त्याच्याजवळ राहू द्या. त्याने सही कशावर केली, ते आपल्याला दिसलं पाहिजे. येत्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्या. जमाखर्च मागा, मोठ्याने वाचा आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. विश्वास त्यातूनच तयार होईल.