दोरीवरची शेती

कोकणातल्या खाडीत बांबूचा तराफा तरंगतो आणि त्याखाली दोऱ्या लोंबतात. दोरीवर शिनाण्यांचं बीज, म्हणजे हिरव्या शिंपल्यांची पिल्लं, सुती कापडात गुंडाळलेली असतात. कापड पाण्यात कुजतं; तोवर पिल्लांनी आपल्या चिवट तंतूंनी दोरी घट्ट धरलेली असते. खाद्य विकत घ्यावं लागत नाही, कारण शिंपले पाण्यातले सूक्ष्मजीव गाळून खातात. मात्र पावसाळ्यात खाडीची क्षारता घटते, म्हणून काढणी त्याआधीच!

हे गणित शिकायचं कुठे?

बारावी विज्ञानानंतर रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांची पदवी मिळते. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. निव्वळ संशोधनाची ओढ असेल, तर गोव्यात दोनापावलाची, 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. मात्र चिखलात उतरायची तयारी तिन्हीकडे हवीच.