अदृश्य किरणांचा ठावठिकाणा



नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, गॅमा किरण दिसत नाहीत, मग ते कुठून आले हे कसे कळते?" "परीक्षेला येणार नाही," असे म्हणून मी तिला खाली बसवले. ती माझी चूक होती. तिचे राहिलेले उत्तर आज आपणा सर्वांसमोर देतो.

अवकाशातून पृथ्वीवर विश्वकिरणांचा सतत मारा होत असतो. त्यांतील बहुतेक कण विद्युत्भारित असतात. वाटेतील चुंबकीय क्षेत्रे त्यांना वळवतात. म्हणून त्यांच्या दिशेवरून उगम सांगता येत नाही. गॅमा किरणावर विद्युत्भार नाही. तो सरळ येतो, म्हणूनच त्याचा माग काढता येतो.

मात्र तो जमिनीपर्यंत पोचत नाही. वातावरणात शिरताच त्यातून कणांचा वर्षाव निर्माण होतो. हे कण हवेतील प्रकाशापेक्षाही वेगाने धावतात आणि क्षीण, निळसर चमक उमटते. ती सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते. मोठ्या आरशांनी ती टिपली, की कॅमेऱ्यात लांबट ठिपका उमटतो व त्याचा अक्ष उगमाची दिशा दाखवतो. भारित कणांचे ठिपके बहुधा विस्कळीत असतात. ते निवडून बाजूला काढावे लागतात.

याच रीतीने १९८९ साली अमेरिकेतील व्हिपल वेधशाळेने क्रॅब तेजोमेघाकडून येणारे गॅमा किरण ओळखले. हा तेजोमेघ सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. ज्या ताऱ्याच्या स्फोटातून तो झाला, तो स्फोट १०५४ साली चिनी ज्योतिषांनी नोंदवला. बगदादचे हकीम इब्न बुतलान यांनी नोंदलेला नवा ताराही तोच असावा, असे काही अभ्यासक मानतात.

हे काम केवळ परदेशातच चालते असे नाही. पनवेलहून मुंबईला जाताना खाडीपलीकडे ट्रॉम्बे लागते. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, 'मेस' ही दुर्बीण उभारली. तिचा परावर्तक २१ मीटर व्यासाचा असून त्यात ३५६ आरसाफलक आहेत. तिचे उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.

पालकहो, अशा दुर्बिणीमागे बसणारी माणसेही कधी काळी वर्गात प्रश्न विचारणारी मुलेच होती. आपल्या मुलामुलींच्या प्रश्नांना खाली बसवू नका. मीही यापुढे बसवणार नाही.