पटाबाहेरची मुले आणि परिचारिका
(कट्टा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



स्थलांतर म्हणजे काय, हे मालवण तालुक्यातील माणसाला शिकवावे लागत नाही. गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर येथील घरे पिढ्यान् पिढ्या जगली. आता पोटासाठी माणसे येथेही येतात. पावसाळा सरला की कर्नाटकातील मजूर कुटुंबे सिंधुदुर्गातील चिरेखाणींवर येतात आणि पुढल्या पावसापूर्वी परततात. त्यांची मुले येथील शाळेच्या हद्दीत राहतात. पण शाळेच्या पटावर त्यांची नावे असतातच असे नाही.

आपल्या जिल्हा परिषद शाळेत स्वतंत्र परिचारिका नसते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. त्यात दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका असावी अशी योजना आहे. योजना चांगली आहे. परंतु तिने गृहीत धरलेले मूल वर्षभर एकाच गावी राहणारे आहे. पथक ऐन पावसाळ्यात येऊन गेले, की खाणीवरचे मूल तपासणीतून सुटलेच.

ही उणीव परिचारिकाच भरून काढू शकते. कन्नड जाणणारी व्यक्ती सोबत घेऊन तिने आईशी बोलावे. अर्धवट राहिलेले लसीकरण मुळापासून करावे लागत नाही, सुटले तेथून पुढे नेता येते, हा दिलासा तिने द्यावा. खरूज झालेल्या मुलाला कायमचे वेगळे बसविणे हा उपचार नव्हे. झोपडीतील सर्वांनी एकाच वेळी औषध लावले तरच ती हटते, हे गुरुजींना पटवावे. आणि तपासणीची नोंद आईच्या हाती द्यावी, कारण कार्यालयातील नोंदवही मुलाबरोबर विजापूरला जात नाही.

परंतु सारा भार तिच्या एकटीवर टाकणे अन्यायाचे होईल. वयाचा पुरावा वा आधीच्या शाळेचा दाखला नाही, या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. कार्यकर्त्यांनी खाणीखाणीवर जाऊन मुलांची यादी करावी, ती मुख्याध्यापकांना व प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी आणि हंगामात पथकाची आणखी एक फेरी मागून घ्यावी.

आपल्या शाळा ज्या चिऱ्यांनी उभ्या राहिल्या, ते चिरे काढणाऱ्यांचीच मुले शाळेच्या भिंतीबाहेर राहतात. समतेची भाषा बोलणाऱ्यांनी प्रथम ती मुले मोजावीत.